कुमुदबाईची शिवलेली पानं

"यमुनाबाई, लाइनवर आहात का?"

कुमुदबाईने खालून हाक मारली तेव्हा माझ्या खोलीची मागची भिंत गेलेली होती. पडताना मोठा आवाज झाला असणार, पण तो मला आठवत नाही. जिथे माझी मांडणी होती, डबे होते, देवाची तसबीर होती, तिथे आता नुसता उजेड होता. त्या उजेडातून पलीकडचा बिल्डरने खणलेला खड्डा दिसत होता आणि खड्ड्यात माझे डबे. मी गॅलरीच्या दारात उभी होते. हातात सूप, सुपात सुकट. पाय हलत नव्हते.

"यमुनाबाई! वर तुम्ही एकट्याच आहात, मला माहीत आहे. उत्तर द्या."

मी उत्तर दिलं नाही. आमचा दोघींचा कित्येक वर्षांचा अबोला होता. पण त्या वेळी अबोला वगैरे काही डोक्यात नव्हतं. घशातून आवाजच निघत नव्हता.

मग जिन्यावर तिच्या चपला वाजायला लागल्या. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची पायरी. तिचे गुडघे गेलेले होते, त्यामुळे तिला वर यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात ती कोण होती ते सांगून घेते. तिला हे आवडलं असतं. ऐन वेळी प्रकरण संपवून पुस्तक मिटायचं, ही तिचीच पद्धत.

आमची चाळ ठाण्यात, खाडीच्या अंगाला. खाली चार खोल्या, वर तीन, मध्ये लाकडी जिना. आम्ही कोळी. सकाळी मी बाजारात मासळी विकायची आणि दुपारी गॅलरीत बसून सुकट, सोडे निवडायची. शाळा चौथीपर्यंत. मास्तरीण म्हणाली होती पुढे घाला, बाप म्हणाला पाटी ठेव आणि पाटी उचल. म्हणजे लिहायची ठेव आणि डोक्यावरची उचल. मला त्याचं फार वाईट वाटलेलं नाही. वाचता येतं, हिशेब येतो, तेवढं पुरलं.

कुमुदबाई खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायला आली ती एकटीच. नवरा वारलेला, मुलगी सासरी लांब. टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती. तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागायचा, तो लावून देणारी. पुढे एसटीडी आलं, लोक आपापले नंबर फिरवायला लागले, तशी हिने नोकरी सोडली. नोकरी सोडली तरी आवाज तिथलाच राहिला. मोठा नाही, गोड तर मुळीच नाही, पण स्पष्ट. नळावर भांडणं चाललेली असताना ती नुसती "माझी बादली" म्हणाली तरी शेवटच्या खोलीत ऐकू जायचं.

लिहिताना मी तिला "ती" म्हणते आहे. तोंडावर मी तिला अहो-जाहोच करायची. तिला अरे-तुरे चालत नसे. नळावर पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "अगं बाई, बादली सरकव की." तर म्हणाली, "सरकवते. पण आपली ओळख झालेली नाही." मग आम्ही ओळख करून घेतली आणि तेव्हाच बादली सरकली.

वाचनाचं खूळ तिचंच. रहस्यकथा. दुसरं काही नाही. देवाधर्माचं नाही, संसाराचं नाही. "संसार सगळ्यांनी केलाय, त्यात शेवट काय होतो ते माहीत आहे," म्हणायची. स्टेशन रोडच्या लायब्ररीतून पुस्तक आणायची आणि रात्री एकटीने वाचायची. मग एकदा शेजारच्या सुलभाने विचारलं, "एवढं काय वाचता हो?" सुलभा तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, दिवसभर घरात बसून ब्लाउज शिवायची. कुमुदबाईने तिला पहिलं पान वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सुलभाने शिंदेवहिनीला आणलं. शिंदेवहिनी सातारकडची, नवरा वागळे इस्टेटमध्ये कामाला. चाळीतला एकुलता एक टीव्ही त्यांच्याकडे, म्हणून तिचा शब्द चालायचा. ती बसली म्हणजे बाकीच्याही बसल्या. कोणी तांदूळ निवडायचं, कोणी लसूण सोलायचं, सुलभा हुक लावायची. जेवणं झाली की कुमुदबाईच्या ओट्यावर बैठक, आणि वागळे इस्टेटचा भोंगा झाला की पुस्तक बंद. वाक्य अर्धं असलं तरी बंद. खुन्याने हातोडा उचललेला असला तरी तो दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच हात वर करून उभा.

मी ओट्यावर जात नसे. माझ्या हातांना वास. पण माझी गॅलरी ओट्याच्या बरोब्बर डोक्यावर, आणि मध्ये फळ्या. फळ्यांच्या फटींतून शब्द न् शब्द यायचा. मी वर सुकट निवडत ऐकायची. आधी कधीतरी ऐकायची, मग रोज.

वाचताना ती हावभाव काही करायची नाही. सगळे एकाच आवाजात. खुनी, इन्स्पेक्टर, प्रेमात पडलेली पोरगी, सगळी माणसं ठाणे एक्स्चेंजमधून बोलल्यासारखी. "प्रेत तळघरात आहे" हे ती अशा आवाजात सांगायची, जशी पूर्वी कॉलची वेळ संपली की "तीन मिनिटं झाली आहेत" सांगत असेल. सुरुवातीला बायका हसायच्या. पुढे लक्षात आलं, त्या आवाजानेच जास्त भीती वाटते.

मध्येमध्ये थांबून ती विचारायची, "लाइनवर आहात का?" मग सगळ्यांनी "आहे" म्हणायचं. शिंदेवहिनी दुपारची झोपायची. तिला कोपराने ढोसलं की ती दचकून म्हणायची, "आहे आहे! कोण मेलं?"

आणि चावट मजकूर आला की कुमुदबाई गाळायची. गाळायची म्हणजे काय, तर म्हणायची, "इथे दोन परिच्छेद निसर्गवर्णन आहे, ते सोडते." एकदा बंगल्याच्या गच्चीवर तो आणि ती दोघंच आहेत, दार आतून लावलेलं आहे, आणि ही म्हणते, निसर्गवर्णन. सुलभा म्हणाली, "बाई, आम्हाला निसर्ग फार आवडतो हो!" बायका हसून लोळल्या. वर मी तोंडात पदर कोंबला. कुमुदबाईने सगळं हसू संपेपर्यंत हात वर करून धरला. तो तिचा हात मला अजून दिसतो. तळवा समोर, बोटं जुळवलेली. म्हणजे थांबा, लाइन लागते आहे.

पुस्तकाला ती वर्तमानपत्राचं कव्हर घालायची. त्या पुस्तकांवरची चित्रं तशीच असायची, पिस्तूल आणि अर्ध्या कपड्यांतली बाई. घरी पुरुषांनी बघितलं तर बैठक बंद झाली असती. शिंदेवहिनीचे सासरे तात्या, त्यांना कानाने कमी ऐकू यायचं. बायका गोल बसल्यात, एक बाई एका सुरात वाचते आहे, हे बघून त्यांना वाटलं पोथी चाललीय. ते रोज लांबून हात जोडायला लागले. मग खडीसाखरेची वाटी आणून ठेवायला लागले.

"आज कितवा अध्याय?" त्यांनी एकदा विचारलं.

"सातवा," कुमुदबाई म्हणाली.

"कोण आलं आज?"

"इन्स्पेक्टर."

"हरी, हरी," म्हणाले आणि डोळे मिटून बसले. कोणी त्यांना खरं सांगितलं नाही. खडीसाखर सगळ्यांना आवडायची.

नळावर आमचं बोलणं व्हायचं तेव्हा ती ऑफिसातल्या गोष्टी सांगायची. मला एक गोष्ट चांगली लक्षात आहे. मयताची बातमी द्यायला लोक कॉल लावायचे, आणि नुसते रडायचे. नंबर सांगायचे नाहीत, काही नाही. नवीन मुली त्यांना समजवत बसायच्या, रडू नका, धीर धरा. "त्याने काही होत नाही," कुमुदबाई म्हणाली. "घाबरलेल्या माणसाची समजूत काढायची नाही. त्याला प्रश्न विचारायचा. नंबर काय? गाव कुठलं? नंबर सांगताना माणसाला रडता येत नाही." मी म्हटलं, "म्हणजे मासे विकताना वाद घालतात तसं. भाव करणारं गिऱ्हाईक पळून जात नाही." ती म्हणाली, "बरोबर." ती कोणाला लवकर बरोबर म्हणत नसे.

आमचं वाजलं ते एका डॉक्टरवरून.

पुस्तकातला डॉक्टर. म्हाताऱ्या सावकाराला कोणीतरी विष घातलं, कशातून घातलं ते कळत नाही, घरातल्या सगळ्यांवर संशय. भोंगा होत आला होता आणि कुमुदबाईने नेमकं तिथे प्रकरण संपवलं. उद्या रविवार, परवापर्यंत सुट्टी. मला राहवलं नाही. मी वरून ओरडले, "अहो, तो डॉक्टरच आहे मेला! विष दुधातून गेलं हे त्याला कोणी सांगितलं होतं का? तोच आपणहून म्हणाला दूध!"

 मग सुलभा म्हणाली, "अगंबाई, खरंच की!"

सोमवारी शेवट वाचला. डॉक्टरच निघाला.

मला वाटलं कौतुक होईल. कुमुदबाई जिन्याच्या तोंडाशी आली आणि वर बघून म्हणाली, "यमुनाबाई, पुस्तक माझ्या खिडकीत असतं. तुम्ही शेवट वाचलात. वाचा हवं तर, पण इतरांची गोडी घालवू नका."

"मी नाही वाचलं. मी ऐकून सांगितलं."

"मी वीस वर्षं ही पुस्तकं वाचते आहे. मला ओळखता आला नाही."

"तुम्हाला नाही आला, म्हणून मला येणार नाही?"

"तुम्ही वाचलात," ती त्याच आवाजात म्हणाली. तीन मिनिटं झाली आहेत.

मला चोर म्हटलेलं मी कोणाकडून ऐकून घेतलेलं नाही. बाजारात घेतलं नाही, घरात घेतलं नाही. मी सूप आपटलं, अर्धी सुकट तिच्या ओट्यावर गेली. त्या दिवसापासून बोलणं बंद.

तेव्हापासून तिने शिवायला सुरुवात केली. नवं पुस्तक आलं की शेवटच्या प्रकरणाची पानं सुईदोऱ्याने कडेला टाचायची. मग ते पुस्तक कुठेही पडलं असलं तरी कोणाची हिंमत नाही. आणि शेवटच्या दिवशी दोरा कापायच्या आधी प्रत्येकीने सांगायचं, खुनी कोण आणि कशावरून. कशावरून हे सांगितल्याशिवाय मत धरायचं नाही. सुलभाचं मत ठरलेलं, नवरा. पुस्तकात नवरा नसला तर होणारा नवरा. शिंदेवहिनी म्हणायची, "मी झोपले होते, पण माझं सुलभासारखंच लिहा." कात्रीने दोरा कापताना बायका श्वास धरायच्या. वरची मी पण धरायची. लायब्ररीवाला म्हणे कटकट करायचा, पानांना भोकं पडतात म्हणून. पण गिऱ्हाईक जुनं, म्हणून चालवून घ्यायचा.

आता गंमत सांगते. ही बाई स्वतः शेवट आधी वाचायची. मला गॅलरीतून सगळं दिसे. लायब्ररीतून आली की फाटकाजवळच्या जांभळाखाली उभी राहायची, पिशवीतून पुस्तक काढायची, मागून उघडायची, उभ्या उभ्या वाचायची, मग चष्मा पुसून घरात. तिला धीर नव्हता. खून सोसायचा, पण कोणी केला ते माहीत नसणं तिला सोसत नसे. मी हे कोणाला सांगितलं नाही. तिने मला चोर म्हटलं होतं, पण मी चहाडखोर नाही.

आणि खऱ्या आयुष्यात तिला एकही गोष्ट ओळखता यायची नाही. शिंदेवहिनीच्या कुकरची शिट्टी हरवली. कुमुदबाईने सगळ्यांना ओट्यावर बसवून चौकशी केली. "काल दुपारी कोण कुठे होतं? आधी ते सांगा. कोण कुठे होतं हे कळलं की अर्धं काम झालं." तासभर चालवलं आणि दूधवाल्यावर ठपका ठेवला. त्याने रागाने चाळीचं दूधच बंद केलं. शिट्टी तात्यांच्या पानाच्या डब्यात निघाली. त्यांना वाटलं अडकित्त्याचा काही भाग आहे. त्यांनी ती उचलली तेव्हा मी गॅलरीत होते, मी बघितलं होतं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय मी सांगणार नव्हते. पुष्कळ दिवस आम्ही सगळ्यांनी काळा चहा प्यायला.

अबोला असला तरी टोमणे चालू होते. एकदा पुस्तकात खाडीत प्रेत सापडलं. कुमुदबाईने वाचलं, "हवेत कुजका वास भरून राहिला होता." मग थांबून म्हणाली, "लेखकाने वास चांगला लिहिलाय, इथपर्यंत येतो आहे." बायका वर बघून खिदळल्या. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोंबील काढले.

पण मी ऐकणं सोडलं नाही, आणि मला गप्प बसणंही जमत नव्हतं. मतं द्यायच्या दिवशी खाली एकेक नाव निघायचं. पुतण्या, नर्स, माळी. माझ्या मनातलं नाव आलं की मला खोकला यायचा. पहिल्यांदा खरंच आला. मग मी आणायला लागले. बहुतेक वेळा माझा खोकला खरा ठरायचा. सुलभाच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "बाई, यमुनामावशी खोकल्या म्हणजे माळीच!" कुमुदबाई म्हणाली, "त्यांना दमा आहे. त्यावर जाऊ नका."

मला दमा कधीच नव्हता. तिलाही ते माहीत होतं. कारण त्यानंतर मतांच्या दिवशी ती संशयितांची नावं आपणच एकेक करून वाचायला लागली, आणि प्रत्येक नावानंतर जरा थांबायची. खालच्या बायकांसाठी एवढं थांबायची गरज नव्हती. नाव सांगायची, थांबायची. नाव सांगायची, थांबायची. मी खोकले की पुढची नावं भराभर संपवायची. सुलभा सांगायची, तेव्हा बाई किंचित वर बघतात. एवढं कळूनही, मी तेव्हा पान चोरून वाचलं नव्हतं हे काही ती बोलली नाही. मीही जिना उतरून तिच्या ओट्यावर गेले नाही. वर्षं अशीच गेली. सुलभाला दोन मुलं झाली, तीसुद्धा ओट्यावर खडीसाखर खात वाढली.

मग शेजारच्या मोकळ्या जागेत इमारतीचं काम निघालं. बिल्डरने आमच्या मागच्या भिंतीला लागूनच खड्डा घेतला. पुरुषांनी जाऊन सांगितलं, अर्ज दिले. तो म्हणाला, आमचे इंजिनीयर आहेत. खड्डा खोल होत गेला.

त्या दुपारचं पुस्तक एका थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्याचं होतं. एकत्र कुटुंब, धाकट्या सुनेचा खून. उद्या मतं आणि दोरा, असं आलेलं. मी वर सुकट निवडत होते. कुमुदबाई वाचता वाचता थांबली. भोंगा व्हायचा होता. मग तिचा आवाज आला, "पानावर माती पडते आहे."

सुलभा काहीतरी म्हणाली, मला नीट ऐकू आलं नाही. मग परत तिचाच आवाज. "मघाशी फुंकली. पुन्हा पडली." आणि जरा वेळाने, "दार सकाळी लागत होतं, आता लागत नाही. उठा. मुलांना घ्या, तात्यांना घ्या, बाहेर व्हा. सगळ्यांनी पटांगणात चला."

सगळं त्याच आवाजात. खुनी, इन्स्पेक्टर, प्रेमात पडलेली पोरगी, सगळ्यांचा जो आवाज, त्याच.

मला वाटलं, पुस्तकातच आहे.

मला वाटलं, बंगला पडणार, आता रंगत येणार. मी सुपाला एक हिसडा दिला आणि पुढचं वाक्य येण्याची वाट बघत बसले. खाली बायकांची धावपळ ऐकली, तीही मला मुलांचा दंगा वाटली. मग पुढचं वाक्य येईना, म्हणून बघावं तरी काय झालं, असं म्हणत दाराशी आले. आणि मागची भिंत गेली.

पटांगणात कुमुदबाईने सगळ्यांना उभं करून विचारलं म्हणे, "कोण कुठे आहे ते सांगा." हे मला सुलभाने नंतर सांगितलं. एकेक नाव घेतलं, प्रत्येक नावानंतर थांबली. माझं नाव घेतलं आणि थांबली. बायका म्हणाल्या, बाजारात असतील. ती म्हणाली, "नाहीत. मघाशी सूप वाजलं." बायका आरडाओरडा करत होत्या, पुरुषांना बोलवा, कोणालातरी बोलवा. ही तोवर जिन्याशी पोचलेली होती.

ती गॅलरीत आली. धापा टाकत होती, चष्म्यावर धूळ, काखेत वर्तमानपत्राच्या कव्हरातलं पुस्तक. तिने मला बघितलं, माझ्या मागे जिथे खोली होती तिथे बघितलं. माझा हात धरला नाही. ओढलं नाही. घाबरू नका म्हणाली नाही.

"यमुनाबाई," ती म्हणाली, "खुनी कोण?"

मी सूप आणखी घट्ट धरलं.

"तुमचं मत आलेलं नाही. कोण? आणि कशावरून?"

"मोठी जाऊ," मी म्हणाले. आवाज फुटला.

"कशावरून?"

"ती म्हणाली खून झाला तेव्हा मी रेडिओ ऐकत होते. पण वीज गेलेली होती. धाकटीच्या खोलीत मेणबत्ती होती ना, ती कशाला लावली मग?"

"चूक," कुमुदबाई म्हणाली. "साफ चूक. खाली चला, खाली गेल्यावर सांगते कोण ते."

"चूक कशी? वीज नव्हती तर रेडिओ कसा लागला?"

"खाली चला, मग बोलू. सूप ठेवा ते. हे धरा, मला उतरायला दोन्ही हात लागतात." तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. "दोरा सोडायचा नाही हं. आणि तुम्ही पुढे व्हा. मी बसत बसत येते."

मी भांडत भांडत जिना उतरले. जिना हलत होता की माझे पाय, ते मला माहीत नाही, कारण माझं सगळं लक्ष त्या रेडिओवर होतं. मी म्हणत होते, सेलवरचा रेडिओ असेल तर तसं लिहायला पाहिजे होतं. मी म्हणत होते, तुम्हाला स्वतःला कधी एक तरी खुनी ओळखता आला आहे का. मागून ती म्हणत होती, "पुढे व्हा, पुढे व्हा, ऐकते आहे मी."

शेवटची पायरी उतरून मी पटांगणात आले आणि उत्तर मागायला मागे वळले. ती जिन्याच्या मध्यावर बसली होती. एका हाताने कठडा धरलेला, पाय खालच्या पायरीवर. मी तोंड उघडलं तशी तिने दुसरा हात वर केला. तळवा समोर, बोटं जुळवलेली. थांबा.

मग वरची गॅलरी जिन्यावर आली.

चाळ राहिली नाही. मागची इमारत झाली, उंच आहे. आम्ही सगळ्या पांगलो. सुलभा डोंबिवलीला गेली, शिंदेवहिनी शहाडला, तात्या पुढे तिथेच वारले. मी मुलाकडे आंबिवलीला आले. बैठक पुन्हा कोणी भरवली नाही. सुलभाने एकदा डोंबिवलीत बायका जमवून बघितल्या, पण ती वाचताना आवाज काढते, खुन्याचा वेगळा, पोरीचा वेगळा. नाही जमलं.

पुस्तक माझ्याजवळ राहिलं होतं. तिचं बारावं-तेरावं झाल्यावर मी ते काढलं. ठेवून काय करायचं, लायब्ररीचं होतं, परत द्यायला हवं होतं. शहाडला शिंदेवहिनीकडे खालच्या सगळ्या जमल्या होत्या. मी म्हटलं, कात्री आणा. दोरा जसाच्या तसा होता, तिच्या हातचा, बारीक टाक्यांचा. आधी सगळ्यांनी बघितला, मग मी कापला, आणि अक्षर अक्षर लावत शेवटचं प्रकरण मीच वाचलं. वाचायला फार वेळ लागला.  शिंदेवहिनी झोपली नाही.

मोठी जाऊच होती. रेडिओवरूनच.

कुमुदबाईला ते माहीत होतं. जांभळाखाली तिने वाचलेलं होतं.

त्या दुपारी खालच्या सगळ्या वेळेवर बाहेर पडल्या होत्या. जिन्यावर आम्ही दोघी होतो. मी जगले.